चिठ्ठी मालावर असावी कीं वहींत ?



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमांचीं जीं मोठमोठीं भांडारें असतात, त्यांतील प्रत्येक वस्तूला ओळखीच्या चिठ्ठ्या कोणत्या लावाव्या आणि त्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्या कोठें, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु ज्या घरांत संगणक अथवा भ्रमणध्वनि आहे, त्या घराला हा प्रश्न रोज भेटतो. हवी ती वस्तु सांपडली नाहीं म्हणजे आपण म्हणतों, 'ती नसेलच.' पुष्कळदां ती असते. तिला योग्य चिठ्ठी लावलेली नसते, इतकेंच. सांपडत नाहीं ती वस्तु, आणि मुळांत नाहीं ती वस्तु, यांत घेणाऱ्याच्या दृष्टीनें कांहींच अंतर नाहीं. म्हणून या विषयाला महत्त्व.

प्रथम दोन शब्दांचे अर्थ निश्चित करूं. संगणकाकडून एखादें काम करवून घेणाऱ्या सूचनांच्या समुच्चयाला प्रोग्रॅम म्हणतात. तो प्रोग्रॅम, त्याच्या सोबतच्या फायली, तो कोणी केला, त्याची आवृत्ति कितवी, त्याला आणखी कशाकशाची गरज लागते हा तपशील, हें सर्व एकत्र बांधलें कीं जें गाठोडें तयार होतें त्याला पॅकेज असें नांव आहे. अशीं गाठोडीं जेथें रचून ठेवितात आणि जेथून तीं कोणालाहि मागवितां येतात, तें भांडार. आमच्या गोंदियाच्या श्रोत्यांना हें समजण्यास कष्ट पडूं नयेत. गिरणींतून तांदूळ निघतो, पोत्यांत भरला जातो, पोत्याचें तोंड शिवतात, आणि गुदामांत थप्पी लागते. पॅकेज म्हणजे तोंड शिवलेलें पोतें, आणि भांडार म्हणजे तें गुदाम.

उदाहरणासाठीं मी डेबियन नांवाचें भांडार घेतों. इयन मरडॉक या तरुणानें १९९३ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याचा आरंभ केला. जगभरचे स्वयंसेवक तें चालवितात. तेथील माल विनामूल्य मिळतो. शिवाय तो उसवून पाहण्याची व सुधारण्याचीहि मोकळीक असते. २०२३ च्या जून महिन्यांत त्याची बारावी आवृत्ति निघाली, तेव्हां तींत ६४,४१९ पॅकेजें होतीं. रोज शंभर पॅकेजें पाहावयाचीं असा नेम केला, तरी सर्व पाहून होण्यास पावणेदोन वर्षें लागतील. तेवढ्या अवधींत पुष्कळ जुनीं निघून जातील आणि नवीं येतील. अर्थात् डोळ्यांनीं शोधणें येथें निरुपयोगी आहे.

मग नांवावरून शोधावें काय ? चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें गांव आहे. तेथील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनीं १९८० नंतरच्या दशकांत, आपल्या शेतांतील वेगळ्या लोंब्या निवडून निवडून, धानाचें एक नवें वाण सिद्ध केलें. त्याला एच.एम.टी. हें नांव मिळालें तें त्या काळीं लोकांच्या मनगटावर असणाऱ्या घड्याळावरून. आमच्याकडे पोरासोराला हें नांव ठाऊक आहे. परंतु परप्रांतांतून आलेल्या माणसाला त्या तीन अक्षरांवरून काय बोध व्हावा ? दाणा बारीक आहे, भात खाण्यास चांगला लागतो, हें त्या नांवांत कोठेंच नाहीं. नांव हांक मारण्यास उपयोगी पडतें. गुण सांगण्याचें काम तें करीत नाहीं.

प्रोग्रॅमांचीं नांवें याहूनहि लहरी असतात. 'ऑर्का' हें एका मोठ्या सागरी प्राण्याचें नांव आहे. आणि त्याच नांवाचा एक प्रोग्रॅम संगणकाच्या पडद्यावरील मजकूर अंध माणसाला मोठ्यानें वाचून दाखवितो. समजा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगांवकडील एखाद्या अंध विद्यार्थ्याचा वडील भाऊ अशा साधनाच्या शोधांत आहे. तो 'ऑर्का' हा शब्द कशाला शोधील ? त्याच्या मनांत शब्द असणार 'अंध', 'वाचन', 'आवाज'. त्या शब्दांपासून त्या वस्तूपर्यंत वाट बांधलेली नसेल, तर साधन फुकट उपलब्ध असूनहि त्या मुलाचें एक वर्ष वांया जाईल. चिठ्ठ्यांच्या प्रश्नांत पणाला लागलेलें असतें तें हें.

याला पहिला उपाय म्हणजे दालनें पाडणें. टपालाचें दालन, खेळांचें दालन, गणिताचें दालन, अशी विभागणी डेबियनमध्येंहि आहे. ग्रंथालयांना ही रीत परिचित आहे. मेलव्हिल ड्यूई यांची दशांश पद्धति १८७६ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि ती जगभर पसरली. परंतु दालनाची एक अडचण आहे. पुस्तक एका वेळीं एकाच फळीवर राहूं शकतें. धानावरील रोगांचें पुस्तक शेतीच्या फळीवर ठेवावें कीं वनस्पतिशास्त्राच्या ? मुलांना आकाशांतील तारे दाखविणारा प्रोग्रॅम खगोलाच्या दालनांत जावा कीं शिक्षणाच्या ? कोणताहि निर्णय घेतला तरी निम्मे शोधक चुकीच्या दारावर उभे राहणार.

या अडचणीवर मूलगामी विचार केला तो आपल्याच देशांतील एका गणिताच्या अध्यापकानें. शियाळी रामामृत रंगनाथन् हे १९२४ मध्यें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३३ मध्यें त्यांनीं आपली द्विबिंदु वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध केली. 'या पुस्तकाची जागा कोणती ?' या एका प्रश्नाऐवजीं त्यांनीं अनेक लहान प्रश्न विचारले. कोणत्या वस्तूविषयीं ? कोणत्या क्रियेविषयीं ? कोणत्या स्थळीं ? कोणत्या काळीं ? प्रत्येक प्रश्न म्हणजे विषयाचा एक पैलू. पुढें त्यांनीं हे पैलू व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थल आणि काल या पांच मूळ प्रकारांत बसविले. एकेका पैलूचें उत्तर निरनिराळें द्यावयाचें, आणि उत्तरें एकमेकांस जोडावयाचीं.

या शतकाच्या पहिल्या दशकांत एन्रिको झीनी या इटालियन कार्यकर्त्यानें हीच पैलूंची दृष्टि डेबियनच्या भांडारास लावली. त्या योजनेचें नांव डेबटॅग्ज. वस्तूचें स्वरूप काय, ती कशासाठीं वापरतात, ती कोणत्या विषयाची, ती कोणत्या प्रकारच्या मालावर काम करते, ती पडद्यावर कशी दिसते, अपंगांना तिचें साहाय्य होतें काय, कोणत्या भाषेशीं व संस्कृतीशीं तिचा संबंध आहे, असे पैलू ठरले. प्रत्येक चिठ्ठीचे दोन भाग असतात : आधीं पैलूचें नांव, नंतर दोन द्विबिंदु, आणि मग त्या पैलूचें उत्तर. मराठींत मांडावयाचें तर ताऱ्यांच्या प्रोग्रॅमाला 'स्वरूप::प्रोग्रॅम', 'उपयोग::शिक्षण', 'विषय::खगोल' अशा तीन चिठ्ठ्या लागतील. फळी एकच असली तरी चिठ्ठ्या कितीहि लावतां येतात. शिक्षणाच्या दारानें येणारा आणि खगोलाच्या दारानें येणारा, असे दोघेहि त्याच वस्तूपाशीं पोंचतात.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. या चिठ्ठ्या ठेवावयाच्या कोठें ?

गोंदिया हें रेल्वेचें मोठें जंक्शन आहे. पार्सलाच्या कचेरींत गेलां तर आपणांस दोन गोष्टी दिसतील. पार्सलावर पत्ता लिहिलेला असतो, आणि कचेरींत बिल्टीची नोंद असते. पार्सलावरील मजकूर मालाबरोबर प्रवास करतो. कचेरींतील नोंद जागच्या जागीं राहते. पॅकेजाच्या चिठ्ठ्यांनाहि हेच दोन मार्ग मोकळे आहेत. त्या गाठोड्याच्या आंत घालून शिवून टाकाव्या, किंवा बाहेर एका स्वतंत्र वहींत लिहाव्या.

आंत घालण्याचा लाभ उघड आहे. माल आणि ओळख यांची ताटातूट होत नाहीं. गाठोडें कोठेंहि गेलें तरी आपली माहिती आपल्याबरोबर नेतें. परंतु त्याची किंमत काय पडते तें पाहा. पॅकेजांतील अक्षरन् अक्षर हिशेबांत घेऊन गणितानें एक लांबलचक संख्या काढतात. तिला आपण मोहोर म्हणूं. भांडाराच्या मुख्य सूचींत प्रत्येक पॅकेजाची मोहोर नोंदलेली असते. वाटेंत कोणी मालांत भेसळ केली तर मोहोर जुळत नाहीं, आणि लबाडी उघडकीस येते. ही मोहोर इतकी कडक असते कीं आंतील एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते. तेव्हां 'विषय::खगोल' ही एक चिठ्ठी वाढविण्यासाठीं पोतें उसवावें लागणार, पुन्हां शिवावें लागणार, नवा क्रमांक द्यावा लागणार, आणि जगभरच्या वापरणाऱ्यांना तेंच धान्य पुन्हां वाहून न्यावें लागणार. एका चिठ्ठीपायीं एवढा व्याप कोण करील ? परिणाम असा कीं चुकीची चिठ्ठी वर्षानुवर्षें तशीच राहील.

दुसरी गोष्ट अधिकाराची. गाठोडें उसवण्याचा अधिकार मुख्यतः त्याच्या सांभाळकर्त्यास असतो, आणि तो तसाच असला पाहिजे. परंतु वस्तूचा उपयोग काय हें सांभाळकर्त्यापेक्षां वापरणाऱ्याला पुष्कळदां अधिक ठाऊक असतें. आवाजाचा एखादा प्रोग्रॅम शाळेंत पाठांतरासाठीं किती छान चालतो, हें तो लिहिणाऱ्याला कोठून कळणार ? तें शिक्षकाला कळतें. चिठ्ठी वहींत असली तर शिक्षकाला ती सुचवितां येते, आणि जाणत्या माणसानें ती तपासून मान्य करावी अशी व्यवस्था ठेवितां येते. पोत्याला हात लावण्याचें कारणच पडत नाहीं.

या दोन कारणांसाठीं डेबटॅग्जनें स्वतंत्र वही पत्करली. तथापि वहीचाहि एक दोष आहे : ती दूर असते. म्हणून त्यांनीं मधला मार्ग काढला. मूळ वही निराळी राहिली. पण भांडाराची जी मुख्य सूची प्रत्येक संगणकावर उतरते, तींत त्या त्या पॅकेजाच्या नोंदीखालीं चिठ्ठ्यांची एक ओळ घालण्याची सोय झाली. सूची हलकी असते व वारंवार नवी होतच असते. तींत एक ओळ बदलणें स्वस्त आहे. गाठोडें जड, तें अस्पर्श राहिलें. यांतून निघणारा नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे : जी माहिती मालाबरोबरच बदलते ती मालांत ठेवावी, आणि जी मालाहून निराळ्या वेगानें व निराळ्या हातांनीं बदलते ती वहींत ठेवावी. कोणत्या वस्तूंवाचून प्रोग्रॅम चालणार नाहीं, ही माहिती पहिल्या प्रकारची. तो कोणाच्या उपयोगी पडेल, ही दुसऱ्या प्रकारची.

मराठी वाचकांना या वहीचें एक थोर उदाहरण परिचित असेल. शंकर गणेश दाते यांनीं अनेक ग्रंथालयांतील पुस्तकें पाहून मराठी ग्रंथसूची तयार केली. तिच्या पहिल्या भागांत १८०० ते १९३७ पर्यंतचीं आणि दुसऱ्या भागांत १९३८ ते १९५० पर्यंतचीं पुस्तकें आलीं. त्यासाठीं एकाहि पुस्तकाचें पान बदलावें लागलें नाहीं, कीं एकाहि प्रकाशकाची अनुमति लागली नाहीं. पुस्तकें गांवोगांवीं विखुरलेलीं राहिलीं, आणि त्यांची ओळख एका ठिकाणीं जमा झाली.

उलट बाजूचेंहि उदाहरण मराठींतच आहे. १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांत, लेख कोणत्या वर्गांत मोडतो हें लेखाच्या मजकुरांतच लिहितात. म्हणजे तेथें चिठ्ठी मालावर आहे. तरी तेथें वर सांगितलेली अडचण येत नाहीं; कारण तेथें पोतें उसवणें स्वस्त आहे आणि तो अधिकार बहुधा सर्वांना आहे. नियम तोच, परिस्थिति निराळी म्हणून उत्तर निराळें.

वही ठेवावयाची असें ठरल्यावर ती लिहावी कशी ? येथें मास्तराचा अनुभव थोडा उपयोगी पडतो. हजेरीपट लिहिणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक असतात.

पहिली गोष्ट, नोंद साधी असावी. डेबटॅग्जच्या वहींत एका ओळींत आधीं पॅकेजाचें नांव, मग द्विबिंदु, आणि मग स्वल्पविरामांनीं वेगळ्या केलेल्या चिठ्ठ्या, एवढेंच असतें. अशी साधी अक्षरें कोणत्याहि संगणकावर वाचतां येतात, आणि कालची वही व आजची वही शेजारीं ठेवून काय बदललें तें ओळीओळीनें पाहतां येतें.

दुसरी गोष्ट, यादी एकाच बाजूनें लिहावी; उलटी यादी यंत्राकडून करवून घ्यावी. हजेरीपटांत मुलाच्या नांवापुढें त्याचे दिवस असतात. 'अमुक दिवशीं कोण गैरहजर' ही यादी त्यावरूनच निघते. दोन्ही याद्या हातानें लिहूं लागलों तर आठवड्याच्या आंत त्यांचा मेळ तुटेल. वहींत पॅकेजापुढें चिठ्ठ्या असाव्या; चिठ्ठीखालीं कोणतीं पॅकेजें येतात ती यादी यंत्रानें करावी. शोध घेतांना यंत्र या उलट्या याद्याच वापरतें. 'शिक्षण' या चिठ्ठीखालील यादी आणि 'खगोल' या चिठ्ठीखालील यादी समोरासमोर धरून दोहोंत समान असलेलीं नांवें तेवढीं तें निवडतें. साठ हजारांतून पांचदहा नांवें उरतात, आणि तेवढीं माणसाला वाचतां येतात.

तिसरी गोष्ट, शब्द ठरलेले असावे. आम्ही ज्याला धान म्हणतों त्याला कोंकणांत भात म्हणतात आणि अन्यत्र साळ. प्रत्येकानें आपापला शब्द लिहिला तर एका वस्तूच्या तीन याद्या होतील, आणि शोधणाऱ्याला एकच सांपडेल. म्हणून शब्दांचा कोश वहीहून निराळा ठेवावा, आणि कोशांत नसलेला शब्द वहींत येऊं देऊं नये. डेबटॅग्जमध्यें असा कोश होता, आणि त्यांत प्रत्येक चिठ्ठीचा अर्थ थोडक्यांत दिलेला होता. आणखी एक पाऊल पुढें जातां येतें. वहींत कायमची एक खूण ठेवावी, आणि वाचणाऱ्याला त्याच्या भाषेंतील शब्द दाखवावा. २०१२ मध्यें सुरू झालेल्या विकिडेटा या भांडारांत प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. मराठी वाचकाला त्या क्रमांकाच्या जागीं मराठी नांव दिसतें, तमिळ वाचकाला तमिळ. शब्द बदलला तरी क्रमांक ढळत नाहीं.

शब्दांच्या बदलाविषयीं आणखी एक सूचना. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. १९६५ मधील एखाद्या कागदावर 'भंडारा जिल्हा' अशी खूण असेल आणि कागद तिरोड्याचा असेल. जुनी खूण खोडून टाकणें हा तिला उपाय नव्हे. जुन्या शब्दावरून नव्या शब्दाकडे नेणारी नोंद कोशांत ठेवली म्हणजे दोन्ही काळचे शोधक योग्य जागीं पोंचतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत अधिक विसरली जाते. हजेरीपटांत गैरहजेरीची खूण आणि मोकळें घर यांचे अर्थ भिन्न आहेत. खूण सांगते कीं मुलगा आला नाहीं. मोकळें घर सांगतें कीं कोणी पाहिलेंच नाहीं. एखाद्या पॅकेजापुढें 'अंधांस उपयुक्त' अशी चिठ्ठी नसली, तर तें उपयुक्त नाहीं असें समजावें कीं अजून कोणी तपासलें नाहीं असें समजावें ? डेबटॅग्जमध्यें यासाठीं 'अद्याप चिठ्ठ्या लावलेल्या नाहींत' अशा अर्थाची एक खास चिठ्ठी होती. अज्ञानाचीहि नोंद करावी लागते. ती केली नाहीं तर अज्ञान नकाराचा वेष घेतें, आणि आपल्या त्या विद्यार्थ्याच्या भावाला 'असें कांहीं नाहीं' हें खोटें उत्तर मिळतें. चिठ्ठी कोणी लावली व केव्हां लावली, हेंहि लिहून ठेवावें. म्हणजे चूक आढळल्यास कोणाला विचारावें हें कळतें.

एवढी काळजी घेतली तरी वही जुनी होतच जाते. नवें पॅकेज येतें तें चिठ्ठीवांचून येतें. जुन्याचें नांव बदलतें आणि त्याच्या चिठ्ठ्या निराधार होतात. स्वतंत्र वहीचा हा स्वभावदोष आहे, आणि त्याला यंत्रापाशीं पूर्ण उपाय नाहीं. वहीला सांभाळणारीं माणसें लागतात.

यासाठींच हा विषय मीं घराघरांतील श्रोत्यांपुढें मांडला. प्रोग्रॅम लिहिण्यास विशेष विद्या लागते; ती माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराजवळ नाहीं. परंतु वस्तु वापरून पाहणें, ती कोणाच्या उपयोगाची आहे हें ओळखणें, आणि ठरलेल्या शब्दांत तें नोंदविणें, याला साक्षरता आणि चिकाटी एवढीं पुरेत. आपल्या घरांतील तरुण मंडळी ज्या मुक्त भांडारांतून फुकट माल उचलतात, तेथें चिठ्ठ्यांचें व वर्णनांच्या भाषांतराचें काम नेहमींच पडून असतें. त्यांनीं आठवड्यांतून एक तास त्याला द्यावा, आणि मराठी माणसाच्या तोंडीं असलेले शब्द त्या कोशांत पोंचवावे. गिरणीनें तांदूळ कितीहि सडला, तरी पोत्यावर काय आहे हें लिहिणारा कोणीतरी लागतोच.